झाकणभर मऊपणा

चष्मेवाले रविवारी सकाळी दाढी करायला न्हाणीघरात शिरले, तेव्हा धुण्याच्या यंत्रावर एक निळी बाटली उभी होती. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती. त्यांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवून मागचा मजकूर वाचला, चष्मा नाकावर घेऊन पुन्हा वाचला आणि गालाला फेस तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"हे काय आहे?"

"कंडिशनर. कपड्यांचं," बायको म्हणाली.

"कशाला?"

"कपडे मऊ होतात त्यानं."

"आपले कपडे काय कडक आहेत?"

"तुमचा तो राखाडी शर्ट वाळला की दोरीवरून काढून भिंतीला टेकवून उभा करता येतो. परवा मी करून पाहिला."

चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. बावीस वर्षं ते लोकांचे नंबर तपासत होते, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत होते. पाव नंबराच्या शंकेसाठी माणसाला तीनदा परत बोलावणारा हा गृहस्थ. त्यांचं आडनाव काय, ते टपाल आणणाऱ्यालाही आठवून सांगावं लागलं असतं. अशा माणसाला ‘मऊ होतात’ हे विधान फार ढिसाळ वाटलं.

"साबण लागतो, मान्य," ते म्हणाले. "पाणी लागतं, तेही मान्य. ही बाटली म्हणजे रंगीत पाण्यात अत्तर आहे. हिच्यानं काहीही होत नाही."

आतल्या खोलीतून त्यांच्या आईचा आवाज आला, "माझा टॉवेल मऊ झाला तर बरं होईल बाई. अंघोळ झाल्यावर मी पाठ पुसते की पातेलं घासते, तेच कळत नाही."

"आई, हा सगळा मनाचा खेळ असतो."

"मग माझ्या मनाला खेळू दे की. तुझं काय जातंय?"

दोन विरुद्ध एक अशी वेळ आली की चष्मेवाले शास्त्राकडे वळत. त्यांनी बाटली मेजावर ठेवली आणि तोड सुचवली. महिनाभर बायकोनं हे कंडिशनर घालावं किंवा घालू नये, पण त्यांना सांगू नये. महिन्याअखेर ते सांगतील की काही फरक नाही. आणि फरक जाणवलाच, तर चार लोकांत तसं कबूल करतील.

"चार लोकांत?" बायकोनं विचारलं.

"चाळीस लोकांत."

"सगळ्या कपड्यांना घालू?"

"सगळ्या."

"दुकानाच्या फडक्यांनासुद्धा?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. प्रयोगात आपल्या सोयीचे अपवाद करायचे नसतात," असं म्हणून चष्मेवाले उरलेली अर्धी दाढी करायला गेले.

या फडक्यांबद्दल थोडं सांगायला हवं. चष्मा पुसायची तळहाताएवढी, फिकट पिवळी, मऊ फडकी ही चष्मेवाल्यांच्या दुकानाची शान होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक मिळे. ते मळलं की आणून द्यायचं आणि धुतलेलं न्यायचं. शनिवारी संध्याकाळी पन्नास-साठ मळकी फडकी पिशवीतून घरी येत, रविवारी धुतली जात आणि सोमवारी पुन्हा दुकानात हजर होत. चष्मा याच फडक्यानं पुसायचा, यावर त्यांचा कटाक्ष होता. कुणी त्यांच्यासमोर शर्टाच्या टोकानं किंवा पदरानं चष्मा पुसला, तर त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव येत की तो माणूस पुढे महिनाभर एकांतात चष्मा पुसत असे.

त्या रविवारी बायकोनं यंत्राच्या खणांपैकी ज्यावर फुलाचं चित्र होतं, त्यात झाकणभर निळं औषध ओतलं. आधी कपडे धुतले, मग फडकी. दुपारी फडकी हातात घेतल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं. इतकी गुळगुळीत झाली होती की घडी घालताना बोटांतून निसटत होती.

सोमवारी दुकान उघडल्यावर पहिले आले प्रूफवाले काका. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले आणि अजूनही घरी बसून ओळखीच्यांची कामं करणारे. र्‍हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांना पलीकडच्या फुटपाथवरून दिसे.

"फडकं बदलून द्या," ते म्हणाले, "आणि जरा पुसूनही द्या. तुमच्या हातानं पुसलेला चष्मा दोन दिवस टिकतो."

चष्मेवाल्यांनी वरचंच फडकं घेतलं, भिंगांवर हाऽ केलं आणि गोल गोल पुसलं. काकांनी चष्मा चढवला. मग काढला. मग पुन्हा चढवला.

"अक्षरांभोवती धुकं दिसतंय हो."

"राहिलं असेल कुठेतरी. द्या इकडे."

त्यांनी पुन्हा पुसलं. धुकं वाढलं. दुसरं फडकं घेतलं. आणखी वाढलं. अखेर काका म्हणाले, "राहू द्या, वयच झालं माझं," आणि नवं फडकं खिशात घालून निघून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत चष्मेवाले त्यांच्याकडे काळजीनं बघत होते. मग त्यांनी सवयीनं स्वतःचा चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि समोरच्या दुकानाची पाटी त्यांना दुधात बुडवून काढल्यासारखी दिसली.

संशय घ्यायला खरं तर इथेच जागा होती. पण चष्मेवाल्यांच्या लेखी त्या बाटलीनं काहीही होत नव्हतं, आणि जिच्यानं काही होतच नाही तिच्यावर संशय घेणार कोण? त्यांना प्रयोगाची आठवणही झाली नाही. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, आणखी एकदा पुसला, आणि आपलेच डोळे चालले असं ठरवून टाकलं.

आठवड्याभरात गोष्टी रांगेनं येत गेल्या. शिवणवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, सुईचं भोक सापडत नाही. चष्मेवाल्यांनी चाचणीच्या भिंगांची पेटी उघडली. त्यातली भिंगं रोज सकाळी पुसायचा त्यांचा नेम होता, अक्षरांच्या तक्त्यावरची काचही ते पुसत. बाईंना तिसऱ्या ओळीपुढे जाता येईना. नंबर पाव वाढवून पाहिला, अर्धा वाढवून पाहिला.

"आता?"

"मोठं दिसतंय, पण पुसटच दिसतंय," बाई म्हणाल्या. "आधी लहान पुसट होतं."

त्यांना नवी भिंगं बसवून दिली. चष्मा हातात देण्याआधी अर्थातच स्वच्छ पुसला. बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून दिले होते.

मग शाळेच्या बसचे चालक आले. त्यांना समोरच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसू लागली होती, म्हणून त्यांनी स्वतःहून सुट्टी टाकली. मग दोघी बहिणी एकत्र आल्या, एक धूसर दिसतं म्हणून आणि दुसरी पहिलीला सोबत म्हणून. चष्मेवाल्यांनी दोघींचेही चष्मे पुसून दिले आणि दुसरीचीही तक्रार सुरू झाली. एवढ्या लोकांचं नंबरावर भागत नाही म्हटल्यावर पुढची पायरी एकच होती. त्यांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली: ‘मोतीबिंदूची सुरुवात असावी, कृपया पाहावे.’ आणि लोकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवू लागले.

घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. डोळे हीच त्यांची भाकरी होती. चष्मा काढला की त्यांना तसंही हातभरापलीकडचं दिसत नसे, त्यामुळे चष्म्याशिवाय बघून ताडून पाहायची सोय नव्हती. ते जिना उतरताना पायऱ्या मोजू लागले. घड्याळाकडे न बघता वेळ सांगायचा सराव करू लागले. एकदा तर डोळे मिटून कुलूप उघडून पाहिलं आणि ते जमलं तेव्हा त्यांना रडू आलं.

बायको हे सगळं पाहत होती. नवरा अंगातल्या शर्टाच्या बाहीवरून हात फिरवतो, एकटक कुठेतरी बघतो, विचारलं की दचकतो. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला. बुधवारी रात्री जेवताना तिनं सहज विचारलं, "काय हो, काही जाणवतंय का?"

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. "कशाचं?"

"मला काय विचारता? तुम्हाला कळत असेल ना."

"काही नाही. सगळं पूर्वीसारखंच आहे."

"खरं सांगा. मी हसणार नाही."

"हसण्यासारखं काय आहे त्यात!" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले.

"बरं बाई, नाही विचारत. पण कधी ना कधी कबूल करावं लागेल. किती दिवस लपवणार आहात?"

हिला कळलंय, चष्मेवाल्यांच्या मनात आलं. बिचारी धीर देते आहे. त्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं आणि त्या दिवशी आपणहून ताटं उचलली. याला म्हणतात मऊपणा, असं बायकोच्या मनात आलं.

पुढच्या आठवड्यात प्रकरण छापून बाहेर पडलं, तेही अक्षरशः. गावातल्या वाचनालयानं आपल्या अध्यक्षांच्या गौरवासाठी स्मरणिका काढली होती आणि तिचं प्रूफ काकांनी तपासलं होतं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘अध्यक्षांच्या विचारांनी ही संस्था गेली तीस वर्षे भारलेली आहे’ असं असायला हवं होतं. तिथे छापलं गेलं: ‘अध्यक्षांच्या विकारांनी’. काका दुकानात आले ते स्मरणिका छातीशी धरून.

"पस्तीस वर्षांत एक काना सुटला नव्हता माझ्या नजरेतून," ते म्हणाले. "आज च आणि क एक दिसायला लागले. आता मी कुणाला तोंड दाखवू?"

त्यांना खुर्चीत बसवून चष्मेवाल्यांनी पाणी दिलं. द्यायला दुसरं काही नव्हतं. आणि काकांचे डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा काढून घेतला आणि चांगला पुसून परत केला.

त्याच दुपारी डॉक्टरांचा निरोप आला: ताबडतोब भेटा.

दवाखाना दुपारी बंद असे. डॉक्टर तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत एकटेच बसले होते.

"दहा दिवसांत तुम्ही सतरा माणसं पाठवलीत मोतीबिंदू म्हणून," ते म्हणाले. "त्यांतल्या एकालाही मोतीबिंदू नाही. हे काय चालवलंय?"

चष्मेवाल्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. "डॉक्टर, मी आता तपासण्यालायक राहिलो नाही. माझेच डोळे गेलेत. दुकान बंद करावं म्हणतो. फक्त घरी कसं सांगायचं ते समजत नाही."

डॉक्टरांनी त्यांना यंत्रासमोर बसवलं. चष्मा काढायला लावला. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग धूसर का दिसतं?"

"तुम्हालाही दिसतं?"

तो ‘ही’ चष्मेवाल्यांच्या कानात अडकला. डॉक्टर उठले, पुन्हा बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला सांगू नका. दहा दिवस मी एकही शस्त्रक्रिया केलेली नाही. रुग्णांना सांगतो, यंत्र दुरुस्तीला गेलंय. यंत्र ठीक आहे. मलाच… कडा दिसत नाहीत. कडाच दिसल्या नाहीत तर कापायचं काय?"

दोन मध्यमवयीन माणसं अंधारात समोरासमोर बसली होती. अखेर चष्मेवाल्यांनी डॉक्टरांना यंत्रापुढे बसायला सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डॉक्टरच यंत्रावरून डोकं उचलून उचलून सांगत होते, कुठे काय पाहायचं ते. त्यांचेही डोळे स्वच्छ निघाले.

"डोळे ठीक," डॉक्टर म्हणाले. "मग राहतो तो चष्मा."

"शक्य नाही. मी माझा आज तीनदा पुसलाय, धुतलेल्या फडक्यानं."

"मीही. तुमच्याच फडक्यानं, आणि तेही परवाच बदलून आणलेल्या."

"म्हणजे चष्मा नाही."

"नाही. चष्मा नक्कीच नाही." डॉक्टरांनी विचार केला. "हवा. हवेत काहीतरी आहे."

कारण सापडल्यावर माणसाला हुशारी वाटते. डॉक्टरांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. नगरपालिकेनं दोन माणसं पाठवून दवाखान्याच्या गच्चीवर एक नळकांडं बांधलं आणि चार दिवसांनी हवा नेहमीसारखीच वाईट असल्याचं कळवलं. तोवर बाजारात लोक हवेविषयीच बोलू लागले होते. खिडक्या लावून घ्यायची पद्धत पडली. वीटभट्टीच्या मालकाला कारण नसताना दोन ठिकाणी खुलासे द्यावे लागले. आणि लोक दिवसातून दहा-दहा वेळा चष्मे पुसू लागले.

प्रयोगाला तीन आठवडे झाले त्या रविवारी चष्मेवाले संध्याकाळी घरात बसले होते. उद्या बायकोला सांगून टाकायचं आणि दुकानाच्या दाराला कुलूप लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाका घालत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडात धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला.

चष्मेवाले खुर्चीतून उठले.

"आई, पुन्हा ओव बघू."

"का रे?"

"तू ओव तर."

आईनं दोरा काढला आणि पुन्हा ओवला. या खेपेला मुलाकडे बघत ओवला असता तरी चाललं असतं, इतक्या सहज.

"तुला धूसर नाही दिसत?"

"मला कशाला दिसेल?"

"चष्मा कशानं पुसतेस तू?"

आई ओशाळली. चोरी सापडल्यावर लहान मूल होतं तशी. "रागावणार नसशील तर सांगते."

"नाही रागावत."

"पुसतच नाही. भांडी घासताना त्याच साबणानं नळाखाली धुते आणि पाणी झटकून टाकते. तू दिलेलं फडकं पेटीत घडी करून ठेवलंय हो. चांगली वस्तू आहे, कशाला उगाच खराब करायची?"

एरवी हे ऐकून चष्मेवाले दोन दिवस जेवले नसते. आज ते धावत मोरीशी गेले, भांड्यांचा साबण बोटावर घेतला, चष्मा धुतला, आईसारखाच झटकला आणि डोळ्यांवर चढवला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली अगदी खालची, छापखान्याचा पत्ता असलेली ओळ त्यांना दारातून वाचता आली. त्यांनी ती मोठ्यांदा वाचली. मग खिशातलं पिवळं फडकं काढलं, डावं भिंग पुसलं. डावीकडची दिनदर्शिका धुक्यात गेली. उजवीकडची जागेवर होती.

"अगं!" त्यांनी हाक मारली. "ही फडकी धुताना काय केलंस तू?"

बायको हात पुसत आली. "काही नाही. नेहमीसारखी धुतली आणि…" ती थांबली. "तुम्हीच म्हणालात, सगळ्या म्हणजे सगळ्या."

तिनं त्यांच्या हातातलं फडकं घेऊन बोटांत चोळलं. बोटाला काहीतरी मेणचट लागलं. तेच बोट तिनं खिडकीच्या काचेवर ओढलं. काचेवर पट्टा उमटला.

"म्हणजे तुम्हाला त्या दिवसापासून नीट दिसत नव्हतं?"

"मला वाटलं, डोळे चालले."

"आणि तीन आठवडे बोलला नाहीत?"

"तू विचारत होतीस ना, काही जाणवतंय का, किती दिवस लपवणार. मला वाटलं तुला सगळं समजलंय."

"मी शर्टाबद्दल विचारत होते!" ती ओरडली आणि तिथेच मोरीच्या कठड्यावर बसली. तिला हसायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. "एकट्यानं काळजी करत बसलात. एवढासा दोन माणसांचा संसार आहे आणि…"

"तिघांचा," आई म्हणाली. "आणि मीसुद्धा विचारलं असतं, पण मला वाटलं पोट बिघडलंय."

खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांपुढे एक सोपी वाट होती. फडकी गुपचूप साध्या साबणात धुवायची, हवा सुधारली म्हणायचं आणि गप्प बसायचं. ती वाट त्यांना दिसली, कारण आता सगळंच स्वच्छ दिसत होतं. पण रात्री पडल्या पडल्या त्यांना काकांची ती छातीशी धरलेली स्मरणिका आठवत राहिली.

सोमवारी त्यांनी दुकानाच्या पायरीवर मेज मांडलं, त्यावर साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘चष्मे धुऊन मिळतील. दोष हवेचा नाही, माझ्या फडक्यांचा आहे.’ बायको शाळेत शिकवत असे; तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि धुतलेले चष्मे नव्या कोऱ्या कापडानं टिपायला उभी राहिली. येईल त्याला चष्मेवाले आपल्या तोंडानं सगळं सांगत होते: बाटली, प्रयोग, अपवाद न करणं. दुपारपर्यंत चाळीसच्या वर लोक झाले.

"म्हणजे कंडिशनरनं फरक पडतो म्हणायचा," शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आकाशाकडे बघत होती.

"पडतो," ते म्हणाले. "मी चूक होतो. फार पडतो."

डॉक्टर आले, त्यांनी धुतलेला चष्मा चढवला आणि चष्मेवाल्यांचे दोन्ही ओले हात हातात घेतले. त्याच संध्याकाळी त्यांचं यंत्र दुरुस्त होऊन आलं. बसचालक दुसऱ्या दिवशी कामावर गेले. काका सगळ्यांत शेवटी आले. घमेल्यातून निघालेला चष्मा लावून त्यांनी पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचली आणि ‘धुऊन’चं र्‍हस्व-दीर्घ बरोबर असल्याचं मान हलवून कळवलं.

"काका, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला," चष्मेवाले म्हणाले. "मी अध्यक्षांना येऊन सांगतो हवं तर."

"नको," काका म्हणाले. "अध्यक्ष स्वतःविषयीचं फक्त शीर्षक वाचतात. आणि सातशे सभासदांना प्रत गेली, पण चूक झाली म्हणून एकाचंही पत्र नाही. त्यांना ते बरोबरच वाटलेलं दिसतंय."

त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, "आजपासून घरात ती बाटली बंद. कपडे राहू देत कडक. मला पुन्हा तुमचे तसे डोळे बघायचे नाहीत." चष्मेवाल्यांनी मान डोलावली. वाद जिंकलेल्या बायकोनं आपणहून तलवार म्यान केली, याचं त्यांना कौतुक वाटलं.

अडचण पुढे आली. चौथ्या दिवशी त्यांना शर्टाची कॉलर टोचू लागली. मग काखेत खरखर. मग रात्री चादर, जणू गव्हाच्या पोत्यावर निजलोय. तीन आठवड्यांच्या मऊपणानं अंगाला वाईट सवय लावली, हे त्यांना कळलं, पण सांगणार कुणाला? ज्या बाटलीनं गाव आंधळं केलं ती घरात परत आणा म्हणायचं? ते गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. निळ्या बाटलीपर्यंत हात पोहोचला, एवढ्यात दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "काय चष्मेवाले! तुम्ही आणि कंडिशनर?" चार गिऱ्हाइकं वळून हसली. "छे छे, फिनेल हवं होतं," ते म्हणाले आणि फिनेलची बाटली घेऊन आले. दोन दिवसांनी धीर करून पुन्हा गेले आणि पुन्हा फिनेल घेऊन आले. मानेला लावायला डॉक्टरांकडून मलम आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते मैत्रीखातर दिलं.

पाचवी बाटली आली तेव्हा बायकोनं त्यांना समोर बसवलं. "एवढं फिनेल कशाला? काय लपवताय आता? या खेपेला पहिल्याच दिवशी सांगायचं."

चष्मेवाल्यांनी कॉलर खाली ओढली. "हे बघ. कातडं सोलवटलंय. मी तेव्हा बोलत होतो ते सगळं खोटं. कंडिशनरशिवाय माणूस राहू शकत नाही. दोन आठवडे मी कसे काढलेत ते माझं मला माहीत. चादर टोचते. रुमालानं नाक पुसलं तर नाक झोंबतं. तू बंद केलंस ते माझ्या काळजीपोटी, मला कळतं. पण सुरू कर. मी हात जोडतो."

बायको त्यांच्या मानेकडे बघत राहिली. मग तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी अभ्र्याचा टाका जवळ घेऊन तपासायला सुरुवात केली.

"बंद कुठे केलंय?" अखेर आईच म्हणाली. "ती करणारच होती, पण मीच म्हटलं, माझ्या टॉवेलाचं काय? फडकी तेवढी वेगळी धुतो आम्ही. बाकी सगळ्याला रोज झाकणभर घालतोच की. तुझा आजचा शर्टसुद्धा कालच्या धुण्यातला आहे."

चष्मेवाल्यांनी बाहीवरून हात फिरवला. मग कॉलरवरून. दोन आठवडे. दोन्ही आठवडे शर्ट मऊच होता, टोचत होता तो फक्त त्यांच्या मनाला. म्हणजे पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात बाटली हातात घेऊन ते जे म्हणाले होते ते अक्षर अन् अक्षर खरं होतं, निदान त्यांच्या स्वतःपुरतं तरी. आणि ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही.

पण बायको मलमाची ट्यूब घेऊन उभी होती. "मान वाकवा," ती म्हणाली. "लाल मात्र खरंच झालीय."

त्यांनी मान वाकवली.